पाकिटामागचा शिक्का

नोकरीतल्या मोठ्या केसेस आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला दरोडा कुठल्या ठाण्याच्या हद्दीतला, हे सांगायचं तर जरा थांबावं लागतं. पण लोणावळ्यातली ती रिकाम्या पाकिटांची चोरी आठवायला मला कधीच थांबावं लागलं नाही. रक्त सांडलं नाही, पाठलाग झाला नाही, वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. तरीही कुणी गप्पांत ‘एखादी केस सांगा ना साहेब’ म्हणालं, की मी हीच सांगतो. नावं कुणाचीच सांगत नाही, इथेही सांगणार नाही.

मी तेव्हा लोणावळ्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. पावसाळा सरत आला होता. शनिवार-रविवारची गर्दी, धबधब्यांवरची हुल्लडबाजी आणि घाटातली वाहतूक यांनी ठाणं पार पिळून निघालं होतं. सोमवारी आमच्याकडे जरा उसंत मिळायची. अशाच एका सोमवारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. निवृत्त इंजिनिअर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात निथळणारी छत्री. यांना आपण काका म्हणू. काका ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बसले. टेबलामागे आमचे जुने हवालदार होते.

“काय गेलं काका?”

“पाकिटं.”

“पैशाची?”

“टपालाची. दुसऱ्या महायुद्धातली. विमानानं गेलेली.”

“आत काय होतं?”

“आत काही नाही. रिकामी आहेत.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे वापरलेली, फोडलेली, रिकामी पाकिटं. मग काका, चोरलं काय?”

मी केबिनमधून ऐकत होतो. हसू आवरलं आणि काकांना आत बोलावलं. फिर्यादीला हसणारा पोलीस पुढे रडतो, हे मी फौजदार असतानाच शिकलो होतो.

काकांनी मला समजावून सांगितलं. पत्रात काय लिहिलंय याच्याशी या संग्राहकांना फारसं देणंघेणं नसतं. पाकीट कुठून निघालं, कुणी अडवलं, कुणी फोडून तपासलं, कुठल्या वाटेनं पोचलं, हे सगळं पाकिटाच्या अंगावर असतं. लष्कराच्या टपाल कचेरीच्या शिक्क्यावर गावाचं नाव नसायचं, नुसता आकडा असायचा. फौज कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून. तपासणारा अधिकारी पाकिटाची कड कापायचा, आत बघायचा आणि वर चिठ्ठी डकवून पुन्हा बंद करायचा. युद्धात भूमध्य समुद्रावरून विमानं नेणं धोक्याचं झालं, तेव्हा आपल्याकडचं विलायतेचं टपाल कराचीहून कैरोला, तिथून आफ्रिका उभी ओलांडून पार खाली डर्बनला, आणि डर्बनच्या बंदरातून बोटीनं विलायतेला जाऊ लागलं. काकांनी माझ्या टेबलावर बोटानं ती वाट काढून दाखवली. माणूस बोलत होता नकाशावर, पण डोळे असे, जणू घरातलं कुणी हरवलं आहे.

गेलेल्या पाकिटांत त्यांचं सर्वांत लाडकं होतं लोणावळ्याच्या टपाल कचेरीचा शिक्का असलेलं. इथल्या कुणा गोऱ्या अधिकाऱ्यानं विलायतेला धाडलेलं. समोरच्या शिक्क्यातली तारीख पुसट झालेली, म्हणून काकांचा अंदाज असा, की ते युद्धाच्या अगदी सुरुवातीला, वाट बंद होण्याआधीच, कैरोवरून सरळ गेलं असावं. चोरीच्या मालाची ओळखखूण फिर्यादीत लिहावी लागते. काका म्हणाले, “मागच्या बाजूला जुन्या आल्बमचं काळं जाड पान घट्ट चिकटलेलं आहे. मी विकत घेतलं तेव्हापासून तसंच आहे. काढायला गेलो तर फाटेल, म्हणून मी कधी हात लावला नाही.” हवालदारांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

“संशय कुणावर?” मी विचारलं.

काकांनी क्षणाचाही विचार केला नाही. “केअरटेकरवर. दुसरं कोण असणार? किल्ली त्याच्याचकडे असते.”

मला इतकी खात्री असलेला फिर्यादी आवडत नाही. त्याच्या मालाच्या आधी त्याच्या खात्रीचा तपास करावा लागतो.

बंगल्यावर गेलो. लोणावळ्याच्या पावसात कपाटातल्या चपलांना पण बुरशी येते, म्हणून काकांच्या लोखंडी कपाटात आत एक छोटा बल्ब कायम जळत असायचा, ऊब राहावी म्हणून. जोराचा पाऊस असला की काका-काकू पुण्याला मुलाकडे राहायचे. त्या काळात केअरटेकर रोज येऊन घर उघडायचा, बल्ब बघायचा, झाडझूड करायचा. कुलूप फोडलेलं नव्हतं. कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात, म्हणजे सगळं जग ठेवतं तिथेच. बाहेर कॅमेरा होता, पण त्याचं जुनं चित्रण पुसून नवं होत राहायचं आणि चोरी नक्की कधी झाली हेच कुणाला माहीत नव्हतं. काकांनी पुण्यातल्या एका प्रदर्शनासाठी आल्बम उघडले, तेव्हा त्यांना कळलं.

आल्बम जागेवर होते. पानांवरचे प्लास्टिकचे कप्पे तसेच होते. फक्त काही कप्प्यांतली पाकिटं काढून घेतली होती आणि आल्बम पुन्हा फळीवर नीट उभे लावले होते. हवालदार कप्प्यांत डोकावून म्हणाले, “साहेब, शेंगा खाऊन टरफलं परत झाडाला लावणारा चोर मी पहिल्यांदाच बघतोय.”

ती गोष्ट माझ्या मनात अडकली, पण आधी केअरटेकरला भेटणं भाग होतं. पंचावन्न-साठीचा माणूस. भाजे लेण्यांच्या बाजूला एका वाडीत राहणारा, थोडी भातशेती, आणि लोणावळ्यातल्या तीन-चार बंगल्यांची देखभाल. त्याला सगळे भाऊ म्हणत, मीही तेच म्हणतो. हवालदारांनी त्याला ठाण्यात बोलावून सरळ विचारलं, “भाऊ, बंगल्यात कोण परकं आलं होतं का?”

“परकं कुनी न्हाई आलं. देवाशपथ. मी असताना चिलटसुद्दा आत जाऊ देत न्हाई.”

“मग पाकिटं गेली कुठं?”

“मला काय म्हाईत, हवालदार? त्या कागदाला मी कदी हात लावला न्हाई. काका म्हनायचे, हात नको लावू, घाम लागतो. म्या न्हाई लावला.”

मी समोर बसून त्याच्याकडे बघत होतो. खोटं बोलणारा माणूस उत्तराच्या आधी प्रश्न पुन्हा म्हणतो, वेळ काढतो. भाऊ वेळ काढत नव्हता. मी त्याचा जबाब नोंदवला आणि घरी जाऊ दिलं. काकांच्या एका वजनदार स्नेह्यांचा मला फोन आला, “दोन लावा, लगेच बोलेल.” मी म्हटलं, “बोलेल. पण तुम्हाला हवं ते बोलेल. मला पाकिटं हवी आहेत.”

पुढच्या आठवड्यात कामशेतच्या आमच्या खबऱ्याचा निरोप आला. भाऊनं महिन्यापूर्वी तिथल्या रद्दीवाल्याला जुन्या कागदांचं गाठोडं विकलं होतं. हवालदारांचे डोळे चमकले. आम्ही गेलो. नशिबानं रद्दीवाल्याचा माल अजून पुढे गेला नव्हता. हवालदारांनी अर्धा दिवस तो ढीग उपसला. वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, विजेची बिलं, दिवाळी अंक. युद्धातलं एक चिटोरंही नाही. काकूंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, ती रद्दी मीच दिली त्याला. पैसे तूच ठेव म्हटलं होतं.”

रद्दीवाला गुडघ्यावरची धूळ झटकत म्हणाला, “साहेब, भाऊ गाठोडं डोक्यावर घेऊन भर बाजारातनं आलता. वाटंत चार जनांशी बोलला. चोरीचा माल असा आनत्यात व्हय?”

खबर खरी होती, तिचा अर्थ खोटा होता. खबऱ्यांचं असंच असतं. ते डोळ्यांनी बघतात ते बहुतेक खरं असतं, डोक्यानं जोडतात ते क्वचित.

परतताना मी गाडी भाऊच्या वाडीकडे वळवली. भाऊ ओट्यावर बसला होता. भातं पोटरीला, लोंब्या धरायला आली होती, शेतावर काम होतं, पण तो घराबाहेर पडला नव्हता. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं आणि दारातच उभी राहिली.

“काय भाऊ, कामावर नाही गेलात?”

“कुटं जाऊ सायेब? काकांनी किल्ली घेतली. मंग बाकीच्या बंगलेवाल्यांनीबी बोलावून घेतली. कुनी काय बोललं न्हाई. नुसता हात म्होरं केला.”

“तपास चालू आहे. निघेल खरं-खोटं.”

“बंगल्यांचं काय न्हाई वो. हातपाय हायेत तवर काम मिळंल.” त्यानं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. “काल गावचे थोरले आबा आलते. भांड्याच्या खोलीची किल्ली न्हेली.”

हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. मावळातल्या वाड्यावस्त्यांवर अजूनही गावची सामायिक भांडी असतात. लग्न असो, दहावं असो, सप्ताह असो, मोठी पातेली, पराती, बादल्या, ताटं तिथूनच जातात आणि घासून-पुसून तिथेच परत येतात. देवळाशेजारी एका खोलीत ती कुलपात असतात आणि किल्ली गावातल्या एका माणसाकडे. पगार नाही, मान नाही, उलट कुणाच्याही घरी कार्य निघालं की आधी याची झोपमोड. पण ती किल्ली ज्याच्याकडे, त्याच्यावर आख्ख्या गावाचा भरवसा, हे न बोलता ठरलेलं. भाऊच्या आधी ती त्याच्या वडलांकडे होती.

“आबा म्हनलं, हे मिटस्तवर असू दे माज्याकडं,” भाऊ म्हणाला. “वाईट न्हाई बोललं. पर न्हेली.”

दारातून त्याची बायको पहिल्यांदाच बोलली. “साहेब, लय दिस नका लावू. ह्यो मानूस जेवत न्हाई.”

गाडीत बसलो तेव्हा मला राग आला होता. रिकाम्या पाकिटांची केस म्हणून ठाण्यात जी थट्टा चालली होती, ती मी त्या दिवशी बंद केली. पाकिटं दोन महिन्यांनी सापडली असती तरी पाकिटंच राहिली असती. या माणसाकडे दोन महिने नव्हते.

मी पुन्हा त्या रिकाम्या कप्प्यांकडे वळलो. घाईतला चोर आख्खा आल्बम काखोटीला मारतो. यानं एकेक पाकीट सोडवत बसायला वेळ घेतला आणि प्लास्टिक मागे ठेवलं. का? शिवाय आल्बममध्ये रंगीत तिकिटांची, देखणी पाकिटं शाबूत होती. गेली होती ती मळकी, शिक्क्यांनी भरलेली, कडा कापून पुन्हा चिकटवलेली. भाऊला किंवा हवालदारांना निवडायला सांगितलं असतं, तर त्यांनी नेमकी उलटी निवड केली असती. मी स्वतःही.

मी काकांना विचारलं, “या प्लास्टिकच्या कप्प्यांत काही खोट आहे का?”

काका जरा वरमले. “स्वस्तातले आहेत. पावसाळ्यात आतून घामेजतात, शाई धरतात. आमच्या मंडळींनी मला अनेकदा टोकलं. बदलीन-बदलीन म्हणत राहून गेलं.”

“तुमची मंडळी म्हणजे?”

मंडळी म्हणजे पाच-सहा संग्राहक. दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी तळेगावात एकाच्या घरी जमत. मोबाईलवर त्यांचा गट होता, आणि काकांनी चोरीची बातमी, भाऊवरच्या संशयासकट, त्या गटावर टाकली होती. पुढच्या रविवारी मी आणि हवालदार साध्या वेशात तिथे गेलो. पोहे झाले, चहा झाला. चहाचे कप मात्र दुसऱ्या खोलीत, कागदांपासून लांब. हवालदारांना गप्प बसवेना. एका पाकिटावरच्या लाल तिकिटाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “हे लढाईतलंच ना? भारी असणार.” एकाच वेळी चार तोंडं उघडली. तिकीट लढाईनंतरचं कसं, शिक्का कुठला, दर काय होता. तोवर मागे बसलेल्या एक दंतवैद्य बाईसुद्धा पुढे सरसावल्या. कुणाला दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबवत नव्हतं.

मी चोरांचे अनेक छंद पाहिले आहेत. कुणाला दारू, कुणाला बाई, कुणाला पत्ते. या मंडळींचा दुबळेपणा मला त्या पोह्यांच्या प्लेटवर सापडला. चुकीचा मार्ग किंवा चुकीचा शिक्का कुणी बोललं, तर यांना ते सहन होत नाही.

मी प्रत्येकाला सन्मानानं ठाण्यात बोलावलं. माल सापडला तर ओळख पटवायला जाणकार लागतील, तेव्हा गेलेल्या पाकिटांची यादी एकदा तपासून द्या, असं सांगितलं. ते खरंही होतं. यादी मीच मोठ्यानं वाचायचो, आणि वाचताना मुद्दाम चुका पेरायचो. कराचीच्या जागी कोलंबो, विमानाच्या जागी बोट. कोण किती जाणतो, आणि जाणायला नको ते कोण जाणतो, एवढंच बघायचं होतं. दंतवैद्य बाईंनी माझ्या सगळ्या चुका पकडल्या आणि निघताना मला एक पुस्तक वाचायची सूचना केली. त्यानंतरच्या गृहस्थांनी निम्म्याच पकडल्या.

तिसरे आले ते निवृत्त प्राध्यापक. काकांचे जुने स्नेही, मंडळींतले सर्वांत जाणते. सगळे त्यांना सर म्हणत. कृश, मृदू आवाजाचे, खुर्चीवर बसण्याआधी रुमालानं हात कोरडे करणारे. माझ्या चुका ते न रागावता दुरुस्त करत गेले. मग मी लोणावळ्याच्या पाकिटाची ओळ वाचली. “लोणावळ्याहून विलायतेला. युद्धाच्या सुरुवातीचं. कैरोवरून सरळ गेलेलं.”

“छे, सरळ नाही,” सर म्हणाले. “हे नंतरचं आहे. डर्बनला उतरलं, तिथून बोटीनं गेलं.”

“कशावरून?”

“मागे डर्बनचा शिक्का आहे ना, अगदी स्पष्ट! फार थोड्या पाकिटांवर...”

तिथे ते थांबले. मी मान वर केली नाही. यादीतली ही एकच ओळ अशी होती, की तिच्यात मी चूक घातली नव्हती. काकांनी फिर्यादीत सांगितली होती तशीच ती मी वाचली होती. त्या पाकिटाच्या मागच्या बाजूला काळं पान चिकटलेलं होतं. काकांनी ती बाजू जन्मात पाहिली नव्हती. ती बघायची तर आधी ते पान ओलाव्यावर धरून, हलक्या हातानं सोडवावं लागलं असतं, आणि त्यासाठी पाकीट जवळ असावं लागलं असतं.

मी पुढची ओळ वाचली. सरांनी तीही दुरुस्त केली, पण आता एकाच शब्दात. यादी संपल्यावर मी त्यांचे आभार मानले, हवालदारांनी त्यांना दारापर्यंत सोडलं. परत येऊन हवालदार म्हणाले, “साहेब, सोडलंत का?” मी म्हटलं, “ते पाकिटं जाळतील अशी भीती वाटते का तुम्हाला? मुलाला जाळतील पण पाकीट नाही जाळणार.” पाकिटं शाबूत राहणार, याची मला सोळा आणे खात्री होती. मला हवा होता तो भाऊचा दुसरा जबाब.

त्याच दिवशी वाडीवर गेलो. या वेळी मी प्रश्न बदलला. “भाऊ, परकं नाही विचारत. पावसात घरचं कोण आलं होतं बंगल्यावर?”

“घरचं? सर आलते की एकदा, तळेगावचे.”

हवालदारांनी कपाळाला हात लावला. “अहो, मग तेव्हा का नाही सांगितलं?”

“तुमी परकं इचारलं,” भाऊ सरळपणे म्हणाला. “सर परके कसे? काकांच्या भावासारके. दर वर्साला येत्यात. मोप पाऊस होता. म्हनले, कागदाला वल तर न्हाई ना आली, बगून जातो. मी च्या टाकाया आत गेलो. सोता भिजलेले, पर पिशवी छातीशी धरलेली. तिला थेंब लागू दिला न्हाई.”

भाऊच्या जागी शहरी नोकर असता, तर जीव वाचवायला त्यानं पहिल्याच दिवशी सरांचं नाव पुढे केलं असतं. भाऊच्या मनातही ते आलं नव्हतं. मालकाच्या घरचा माणूस चोर असू शकतो, हा विचार त्याला शिवला नव्हता. आणि मालकाला मात्र चोर म्हटल्यावर पहिला तोच आठवला होता. हे मला आजही टोचतं.

दुसऱ्या दिवशी सरांना रीतसर नोटीस देऊन बोलावलं. मी एवढंच म्हटलं, “सर, त्या पाकिटाच्या मागे काळं पान होतं. डर्बनचा शिक्का तुम्हाला कधी दिसला?”

त्यांनी हातातल्या रुमालाची घडी घातली. मग बोलू लागले आणि थांबेनात. पान कसं एकेक थर सोडवलं, आठवडा कसा लागला, खालून शिक्का उमटला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी कसं आलं. लोणावळ्याचं पाकीट आफ्रिकेच्या टोकावरून गेलेलं, असं दुसरं कुणाकडे नाही. आणि हे सांगायला त्यांच्याजवळ जगात एकही माणूस नव्हता. मला खरंच वाटतं, की त्या दिवशी यादी वाचताना त्यांना मी पोलीस आहे याचा विसर पडला होता. कुणीतरी अखेर त्या पाकिटाबद्दल विचारत होतं.

“मी चोरी केली नाही साहेब,” शेवटी ते म्हणाले. “त्या प्लास्टिकमध्ये ती मरत होती. मी किती वेळा सांगितलं त्यांना. मी वाचवली.”

“वाचवलीत ना? मग भाऊवर आळ आला तेव्हा गटावर एक ओळ का नाही लिहिलीत? तुम्ही तो निरोप वाचला होता.”

“वाचला होता.”

“पाकिटांना ओल लागलेली तुम्हाला बघवली नाही. तो माणूस जेवत नाहीये, सर.”

ते खाली मान घालून म्हणाले, “चला, दाखवतो.” पंचांसमोर त्यांचं निवेदन लिहून घेतलं आणि तळेगावला गेलो. त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत, पुस्तकांच्या मागे एक सागवानी पेटी होती. त्यात टीपकागदाच्या घड्यांत सगळी पाकिटं, एकही दुमडलेलं नाही. पंचनामा करताना हवालदारांनी प्रत्येक पाकीट उचलण्याआधी हात शर्टाला पुसले. सरांनी त्यांना कोरडा रुमाल दिला.

काकांना बातमी सांगितली तेव्हा ते फिर्याद मागे घेऊ म्हणू लागले. जुना मित्र, वय झालेलं, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, “फिर्याद म्हणजे शेजारून आणलेली वाटी नाही, परत नेऊन द्यायला.” गुन्हा दाखल झाला होता. दोषारोपपत्र गेलं, पुढचं न्यायालयानं बघितलं आणि यथावकाश मुद्देमाल काकांना परत मिळाला.

काका सज्जन होते. त्यांनी हवालदारांकरवी भाऊला मिठाईचा पुडा आणि निरोप पाठवायचं ठरवलं. मी तो पुडा त्यांच्या हातात परत दिला. “तो चोर आहे, हे तुम्ही ठाण्यात येऊन सांगितलंत. तो चोर नाही, हे त्याच्या वाडीत जाऊन सांगायला हवं. मीही येतो, वर्दीत.”

सकाळीच गेलो. देवळासमोर माणसं जमली. आबा, गावातले सर्वांत वडील, पारावर बसले होते. काकांनी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की चूक माझी होती, माणूस सोन्यासारखा आहे. त्यांनी बंगल्याची किल्ली पुढे केली. भाऊनं ती घेतली नाही, झिडकारलीही नाही. “बगू काका, भातं निघू द्या,” एवढंच म्हणाला. पुढे तो त्या बंगल्यावर कधी गेला नाही.

मग आबा उठले आणि बंडीच्या खिशातून भांड्यांच्या खोलीची किल्ली काढली. “घे भाऊ. आमचंबी चुकलं.”

मला वाटलं, इथे केस संपली. भाऊनं हात मागे घेतला.

“अशी नको आबा. आदी भांडी मोजा.”

“अरे, कुनी मोजाया सांगितलंय? तुज्या बापाच्या टायमाला कुनी मोजली न्हाईत.”

“तवा गोष्ट येगळी हुती,” भाऊ म्हणाला. “आता मोजा. समद्यांच्या देखत. मागनं कुनी म्हनाया नको.”

आबांचे डोळे भरून आले. त्या क्षणी मला जे कळलं, ते तीन दशकांच्या नोकरीत कळलं नव्हतं. गेलेला माल आम्ही परत आणतो, आळ खोटा ठरवतो, त्याचा कागदही देतो. पण किल्ली हातात घेताना जो विचार या माणसाच्या मनात कधी येत नव्हता, तो आता आयुष्यभर येणार होता, आणि तो काढून घ्यायला माझ्याकडे कुठलंही कलम नव्हतं. तेव्हापासून एखाद्या गरिबाला नुसतं बोलावून आणायचं असलं, तरी मी हाताखालच्यांना दोनदा विचार करायला लावायचो.

आबांनी खोली उघडली. बायकांनी भांडी बाहेर आणून देवळाच्या फरशीवर मांडली, हवालदारांनी मोठ्यानं मोजली, काकांनी कागदावर उतरवली. बायकांना आकडा तोंडपाठ होता; एकही भांडं कमी नव्हतं. भाऊनं तो कागद घेतला आणि माझ्यासमोर धरला.

“सायेब, तुमी सई करा. पंच म्हनून.”

नोकरीत मी हजारो पंचनाम्यांवर लोकांच्या सह्या घेतल्या. पंच म्हणून माझी स्वतःची सही असलेला कागद जगात एकच आहे. तो भाज्याच्या बाजूला एका वाडीत, पातेल्यांच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे.